बोधाआधी विस्मय

चित्रपुस्तकांतून मुलांना श्रद्धा शिकविता येते काय? येते, परंतु उपदेशाने नव्हे. चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली प्रसिद्ध केलेले ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ पाहावे. भज्जू श्याम, दुर्गाबाई व रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांनी त्यात आपल्या समाजाची श्रद्धा रेखाटली आहे : दिवसभर इतरांना आश्रय देणाऱ्या वृक्षांचे आत्मरूप रात्री प्रकटते. पानेही रात्रीसारखी काळी, हाताने छापलेली. मूल थबकते, पाहते, विचारते. आपली अनेक बालपुस्तके मात्र ‘हे सारे देवाने निर्मिले’ असे सांगून मोकळी होतात. उत्तर आधीच हाती आलेले मूल झाडाकडे पाहीलच कशाला? विस्मयावाचून दिलेली श्रद्धा म्हणजे निव्वळ पाठांतर होय. शेवटचे बोधवाक्य गाळण्याचे धैर्य लेखकांनी दाखवावे.