‘सर, काही जागा असेल तर सांगा’: नोकरीसाठी ओळख लागते म्हणजे नेमकं काय लागतं?

“नमस्कार सर, मी बीई मेकॅनिकल झालो आहे. सोबत रिझ्युमे जोडत आहे. तुमच्या कंपनीत काही जागा असेल तर प्लीज सांगा.”

हा मेसेज तुम्ही कधीतरी पाठवला असेल, नाहीतर तुम्हाला आला असेल. पाठवणारा तोच मजकूर पन्नास जणांना पाठवतो. बहुतेक जण वाचून गप्प बसतात. दोघं-तिघं ‘ओके, बघतो’ म्हणतात आणि विसरून जातात. मग पोरगं ठरवून टाकतं, की आपल्या मागे कोणी नाही, वशिला नाही, म्हणून आपलं काही होणार नाही.

यातलं अर्धं खरं आहे. ओळखीशिवाय अडतं, हे खरं. पण ओळख म्हणजे वशिला, हे चूक. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे काही मुलं कोणाशी बोलायलाच लाजतात आणि काही जण भलत्याच माणसाकडे भलतीच गोष्ट मागतात.

वशिला वेगळा, ओळख वेगळी

वशिल्यात वरचा माणूस खालच्या माणसाला सांगतो, ‘याला घ्या’. पात्रता बाजूला राहते. सरकारी नोकरीत तर याला जागाच नसावी, कारण संविधानाच्या कलम १६ नुसार तिथे सर्वांना समान संधी आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. मुलाखत ही ‘शब्द टाकायची’ जागा होते, ही जुनी तक्रार त्यामागे होती. तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या भरतीत कोणी ‘आपली ओळख आहे, काम होईल’ म्हणत असेल, तर ते नेटवर्किंग नाही, ती फसवणूक आहे.

खासगी क्षेत्रात ओळखीचं काम वेगळं असतं. ती मुख्यतः माहिती पोहोचवते. कुठे जागा निघणार आहे, कंपनीला खरं काय हवंय, मुलाखतीत काय विचारतात, पगार किती सांगावा. जाहिरातीत यातलं फार थोडं लिहिलेलं असतं.

नोकरी जवळच्या माणसाकडून मिळते की लांबच्या?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये त्यावर एक लेख लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी साधा प्रश्न विचारला: ज्याने ही बातमी दिली, तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा?

आठवड्यातून निदान दोनदा भेटणारा, असं सांगणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५५.६ टक्के, आणि वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी भेटणारा म्हणणारे २७.८ टक्के. नमुना छोटा होता, फक्त ५४ जण. पण कारण पटण्यासारखं आहे. तुमचा जिगरी दोस्त, चुलत भाऊ, रूम पार्टनर यांना जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं, कारण तुम्ही सगळे एकाच गोतावळ्यात फिरता. नवी बातमी येते ती दुसऱ्या गोतावळ्यातल्या माणसाकडून. ग्रॅनोव्हेटर यांनी अशा ओळखींना ‘कमकुवत दुवे’ म्हटलं.

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर तपासली गेली ती पन्नास वर्षांनी. लिंक्डइनवर ‘यांना तुम्ही ओळखत असाल’ अशी नावं सुचवली जातात. २०१५ ते २०१९ या काळात या सुचवण्यांमध्ये मुद्दाम फेरफार करून कोणत्या ओळखीने नोकरी बदलते, हे पाहिलं गेलं. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. दोन कोटींहून अधिक लोक, सुमारे दोनशे कोटी नव्या ओळखी आणि सहा लाख नव्या नोकऱ्या एवढा त्याचा पसारा होता. (आपल्यावर असा प्रयोग चाललाय हे त्या दोन कोटी लोकांना माहीत नव्हतं. त्यावरून टीकाही झाली.)

उत्तर ग्रॅनोव्हेटर यांच्या बाजूनेच आलं, पण दोन दुरुस्त्यांसह. एक, अगदीच अनोळखी माणूस फारसा उपयोगाचा नाही. थोडेफार सामाईक ओळखीचे लोक असलेला, म्हणजे मधल्या अंतरावरचा माणूस सगळ्यात कामाचा. दोन, संगणक आणि सॉफ्टवेअरवर जास्त चालणाऱ्या क्षेत्रांत कमकुवत दुवे जास्त उपयोगी पडले. जिथे असं काम कमी, तिथे जवळच्या ओळखींचा जोर दिसला.

म्हणजे सल्ला सगळ्यांना एकच लागू नाही. पुण्यात डेटा ॲनालिस्टची नोकरी शोधणाऱ्या मुलीने लांबच्या ओळखी वाढवाव्यात. वाळूज किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागू पाहणाऱ्या आयटीआयच्या मुलासाठी मात्र त्याचे निदेशक आणि दोन वर्षं आधी लागलेला त्याच ट्रेडचा मुलगा लिंक्डइनपेक्षा जास्त कामाचे ठरू शकतात. सुपरवायझरने ‘पोरगा कामाला कसा आहे?’ असं विचारलं, तर उत्तर देऊ शकणारे तेच असतात.

पण ओळखी सगळ्यांकडे सारख्या नसतात

इथे खरी अडचण आहे, आणि ती ‘कॉन्फिडन्स ठेवा, हसून बोला’ सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये येत नाही.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार भरती जॉबरच्या हातात असायची. जॉबर आपल्या गावचे, भावकीतले, ओळखीचे लोक आणायचा. कोकणातून किंवा साताऱ्याकडून आलेला माणूस गावच्या मंडळींच्या खोलीत उतरायचा, खानावळीत जेवायचा आणि त्यांच्यामार्फतच कामाला लागायचा. मुंबईत कोणी नसलेल्या माणसाला या जाळ्याने उभं केलं. पण त्याच जाळ्यामुळे जॉबरची मर्जी सांभाळावी लागायची, त्याचा हात ओला करावा लागायचा, आणि ज्याच्या जातीचं किंवा गावचं आत कोणी नाही तो बाहेरच राहायचा.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या शाळांत शिकलेल्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० नंतर इंग्रजी येणाऱ्यांचे पगार वाढले. तरीही ज्या जातींचं कामगारांच्या नोकऱ्यांत घट्ट जाळं होतं, त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. बापाच्या, काकाच्या ओळखीने नोकरी मिळणारच होती ना! मुलींसाठी असं जाळं कधी नव्हतंच. त्यामुळे त्या घरांतल्या मुली मात्र इंग्रजीकडे वळल्या आणि काही बाबतीत भावांच्या पुढे गेल्या. आधार देणारी ओळख पाय कसा बांधून ठेवते, याचं इतकं जवळचं उदाहरण क्वचित सापडेल.

आणि नवीन कंपन्या? सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी बड्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये लिहिलेल्या निबंधात दिसतं, की अधिकारी गुणवत्तेचं नाव घ्यायचे आणि मुलाखतीत ‘घरी कोण काय करतं?’ हेही विचारायचे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीचं बोलावणं कमी आलं.

म्हणून ‘नेटवर्किंग करा’ हा सल्ला घरात कोणीतरी इंजिनिअर किंवा मॅनेजर असलेल्याला सोपा आणि पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्याला अवघड जातो. पण गंमत अशी, की त्याची जास्त गरज या दुसऱ्यालाच आहे. पहिल्याच्या घरी ही माहिती जेवताना कानावर पडते.

रेफरल म्हणजे काय असतं?

अनेक खासगी कंपन्यांत कर्मचारी आपल्या ओळखीच्या उमेदवाराचं नाव अंतर्गत पोर्टलवर टाकू शकतात. उमेदवार रुजू होऊन काही महिने टिकला, तर काही ठिकाणी नाव सुचवणाऱ्याला बक्षीस रक्कम मिळते. त्यातून इतकंच होतं, की शेकडो अर्जांच्या ढिगातला तुमचा अर्ज कोणीतरी उघडून बघण्याची शक्यता वाढते. परीक्षा, मुलाखत तुमची तुम्हालाच द्यायची असते.

पण सुचवणाऱ्याची पत पणाला लागते. तुम्ही मुलाखतीला गेलाच नाहीत, तर त्याच्या साहेबासमोर मान त्याची खाली जाते. म्हणून ज्याने तुमचं काम पाहिलेलं नाही, तो ‘रेफर करा’ म्हटल्यावर गप्प बसतो. दरवेळी तो माज नसतो.

आणि रेफरलसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं.

मग मेसेज कसा लिहायचा?

वरच्या मेसेजची अडचण अशी, की त्यात समोरच्याकडे नोकरी मागितली आहे आणि ती त्याच्या हातात नाही. ज्याचं उत्तर त्याला दोन मिनिटांत देता येईल, असं काहीतरी मागा. उदाहरणार्थ:

“नमस्कार ताई, मी तुमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही क्वालिटी विभागात काम करता असं प्रोफाइलवर वाचलं. मलाही त्यातच यायचं आहे. दोन प्रश्न होते. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मोजमापाच्या उपकरणांवर कितपत विचारतात? आणि कॉलेजात शिकवलं त्यापलीकडे काय शिकून यावं? सवडीने व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल.”

यात आपण कोण ते आहे, तुम्हालाच का विचारतोय ते आहे आणि रिझ्युमे नाही. तो समोरच्याने मागितल्यावर द्यायचा. तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेल्यांना दादा, ताई म्हटलेलं बहुतेकांना आवडतं. एचआरला मात्र सर, मॅडमच. समोरचा मराठी असेल तर मराठीत लिहा. मोडक्या इंग्रजीपेक्षा नेमकं मराठी बरं. अर्ज इंग्रजीत लागेल तेव्हा तो इंग्रजीतच करा.

सुरुवात कंपनीच्या संचालकापासून करू नका. त्याला रोज ढीगभर मेसेज येतात आणि फ्रेशरची मुलाखत कशी होते हे तो विसरलेलाही असतो. दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेल्याला ते अजून आठवतं. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडे माजी विद्यार्थ्यांची यादी मागा. अनेक कॉलेजांत ती नॅकच्या फाइलपुरतीच तयार होते आणि मुलांपर्यंत येत नाही. ती मिळवण्यासाठी वर्गातल्या दहा जणांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला, तर तेही नेटवर्किंगच.

मुलींना एक जास्तीचा त्रास असतो. कामाचा प्रश्न विचारला की समोरून भलतेच मेसेज सुरू होतात. अशा वेळी व्हॉट्सॲप नंबर न देता ईमेलवर बोलणं, किंवा तीन-चार मैत्रिणींनी मिळून व्हिडिओ कॉलवर प्रश्न विचारणं बरं पडतं. त्यावरही कोणी चिडलं, तर ती ओळख नको होती हे वेळेत कळलं.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना दरमहा ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये असं विद्यावेतन ठरलं. प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, यावरून आंदोलनंही झाली, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण अशा योजनेत किंवा पदवीच्या ‘ऑन जॉब ट्रेनिंग’मध्ये प्रमाणपत्राहून जास्त टिकाऊ गोष्ट मिळते, ती म्हणजे तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेली चार-पाच माणसं. शेवटच्या दिवशी त्यांचे नंबर आणि ईमेल घेऊन ठेवा.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नाही. उत्तर आलं, तर सांगितलेलं करून बघा आणि महिन्याभराने कळवा: ‘ताई, तुम्ही म्हणालात तो कोर्स पूर्ण केला, काल एका ठिकाणी मुलाखत झाली, दुसऱ्या फेरीत अडकलो.’ कोणाला काय विचारलं आणि काय उत्तर आलं, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पंधरा-वीस नावं झाली, की कोण कुठल्या कंपनीत होतं हे डोक्यात राहत नाही.