हरणाचा दुसरा अंगरखा

उत्तर अमेरिकेत ज्यांची मुले-लेकी स्थायिक झाल्या आहेत, त्यांनी दूरध्वनीवर ऐकले असेल की परसात हरणे येतात. ही बहुधा पांढऱ्या शेपटीची हरणे असतात. संकट दिसताच शेपटी उभारून तिचा खालचा शुभ्र भाग दाखवीत ती पळतात, म्हणून हे नाव.

उन्हाळ्यात या हरणाची कांती तांबूस असते. केस आखूड, विरळ. अंगाला वारा लागावा असे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते वस्त्र उतरू लागते आणि करड्या रंगाचे जाड वस्त्र चढते. वरचे केस लांब व आतून पोकळ, त्यांत हवा कोंडलेली. खाली मऊ लोकरीचा दाट थर. ही ऊब इतकी पक्की की पाठीवर पडलेले हिम वितळत नाही, कारण अंगातील उष्णता बाहेर येतच नाही. पाडसांच्या अंगावरील पांढरे ठिपकेही याच पहिल्या पालटात जातात.

हा पालट थंडी पडल्यावर होत नाही. दिवस लहान होऊ लागले की डोळ्यांतून मेंदूला वर्दी जाते आणि शरीरातील संप्रेरके बदलतात. कापडाच्या व्यापाऱ्याला हे सांगायला नको. घोंगड्यांचा माल भाद्रपदातच भरावा लागतो, पौषात धावपळ करून काय उपयोग?

भर हिवाळ्यात हरीण कमी खाते, कमी हिंडते, साठविलेल्या चरबीवर निभावते. नेमके तेव्हाच त्याला बर्फात उभे पाहून आपल्या माणसांचे मन द्रवते व परसात मक्याची रास पडते. भावना निर्मळ, परिणाम मात्र भयंकर. त्या दिवसांत हरणाच्या पोटातील सूक्ष्मजीव काड्या, कळ्या व साली पचविण्यास सरावलेले असतात. एकाएकी पिष्टमय धान्य आले की पोटात आम्ल माजते आणि भरल्या पोटी ते जनावर दोन-तीन दिवसांत मरू शकते. शिवाय एका राशीवर अनेक तोंडे आली की रोग पसरतात. न्यू यॉर्क राज्यात तर हरणांना खाऊ घालण्यास कायद्यानेच मनाई आहे. ज्यांना काही करावेसे वाटते, त्यांनी अंगणात तेथील देशी झाडेझुडपे लावावीत. त्यांचे कोवळे शेंडे हेच हरणाचे हिवाळी अन्न.

वसंतात पुन्हा दूरध्वनी येतो : “हरीण आजारी दिसते, केस झडताहेत.” बहुतेक वेळा तो आजार नसतो. हिवाळी वस्त्र पुंजक्यापुंजक्यांनी गळते, मानेवर व बगलांवर ठिगळे दिसतात आणि मधून नवी तांबूस कांती डोकावते. जूनपर्यंत सारे आटोपते. कुंपणाला अडकलेले ते केस झाडून टाकण्याची घाई करू नये. लहान पक्षी घरट्याच्या अस्तरासाठी ते वेचून नेतात.