रोपांचें अजीर्ण

पावसाळा आला कीं झाडें लावण्याचे समारंभ ठरलेलेच. कन्हैयालाल मुनशी यांनीं १९५० सालीं वनमहोत्सवाचा पायंडा पाडला. महाराष्ट्र सरकारनें तर २०१९ सालीं एकाच हंगामांत ३३ कोटि झाडें लावण्याचा संकल्प सोडला. संकल्प स्तुत्यच होता. परंतु बियांपासून वाढविलेलीं कोंवळीं रोपें खड्ड्यांत उभीं केल्यावर त्यांच्या पोषणाची जी तऱ्हा आपल्याकडे चालते, तिच्याविषयीं चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

रोप लावलें, छायाचित्र निघालें, आणि जातां जातां कोणी मूठभर युरिया बुंध्याशीं टाकला, हें दृश्य वाचकांस अपरिचित नसेल. हेतु चांगला, परिणाम मात्र उलटा! युरियांत ४६ टक्के नत्र असतें. मुरलेल्या शेणखतांत तें सुमारें अर्धा टक्का. म्हणजे ५० ग्रॅम युरियांतील नत्रासाठीं साडेचार किलोंहून अधिक शेणखत लागेल. इतकें तीव्र खत मुळांभोवतीं विरघळलें कीं मुळांस ओलावा शोषतां येत नाहीं, पानांच्या कडा करपतात, आणि दोष मात्र जमिनीच्या माथीं बसतो. तान्ह्या मुलास कोणी पुरणपोळी भरवितो काय? आंब्याच्या कोयींतून निघालेला अंकुर प्रथम कोयींतील दळांवरच पोसतो. निसर्गानें त्याची शिदोरी त्याच्याबरोबरच दिलेली आहे.

मग खत देऊंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. खड्डा भरतांना चांगलें कुजलेलें शेणखत मातींत मिसळावें. कच्चें शेण घालूं नये, त्यांत हुमणी माजते. रोपानें मूळ धरून नवी पालवी फोडल्यावर वरखत द्यावें. तेंहि थोडें, बुंध्यापासून दूर, आळ्याच्या कडेनें आणि ओल्या जमिनींत. करंज, शिरीष यांच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र स्वतःच बांधितात. त्यांच्यावर नत्राचा मारा केल्यास त्या गांठीच कमी होतात.

ही विद्या परकी नव्हे. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, पालापाचोळ्याचें सत्त्व पावसाबरोबर वाहून जाऊं न देतां बांध घालून शेतांत मुरवावें, असें सरकारास बजाविलें होतें. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदुरास बसविलेली कंपोस्टाची रीत १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. आणि आम्ही? पानगळीचा पाला रस्त्याच्या कडेला जाळतों व खताचीं पोतीं विकत आणतों!

वृक्षारोपणाच्या खर्चांत खड्डा व रोप यांची तरतूद असते. दोन उन्हाळे पाणी घालणाऱ्या, आळें करणाऱ्या मजुराची मजुरी मात्र पुष्कळदां विसरली जाते. नगरपालिकांनीं व ग्रामपंचायतींनीं प्रथम ती मजुरी बाजूस काढावी, पाला कुजविण्याचे खड्डे करावे, आणि तिसऱ्या वर्षीं जितकीं झाडें जिवंत आढळतील तितकींच आपल्या नांवें मांडावीं. आंकडा लहान होईल. सावली मात्र खरी पडेल.