तिसरी बॅटरी घेण्यापूर्वी

लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. अशा गावातील दुकानदाराचा निम्मा दिवस मोटारसायकलवर जातो. सकाळी दुकान, दुपारी मेहकरला भरणा, एखाद्या संध्याकाळी लोणारकडे वसुली. घरात नवी गाडी आली तरी वडिलांच्या काळातील स्प्लेंडर सहसा विकली जात नाही. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे इंजिन दाद देते, पेट्रोल कमी लागते आणि सुटे भाग कोठेही मिळतात. तक्रार एकच असते, ती बॅटरीची. हॉर्न घोगरा होतो, इंडिकेटर नुसते मिणमिणतात; नवी बॅटरी बसवली की दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते.

व्यापारी घरांना यातील हिशेब चटकन उमगेल. बॅटरी हा गल्ला आहे. ती वीज उत्पन्न करीत नाही, केवळ साठवते. आवक होते ती इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून. ही वीज दिशा बदलत वाहणारी, म्हणजे ए.सी. असते, तिला एका दिशेने वळवून मर्यादेत ठेवण्याचे काम आर.आर. युनिट नावाची छोटी पेटी करते. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट ही जावक. गल्ल्यात शिल्लक राहत नाही म्हणून कोणी गल्ला बदलत नाही, आधी वही उघडतो. गाडीच्या बाबतीत ही वही म्हणजे मल्टिमीटर. तो थोडक्या पैशांत मिळतो, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या घरात असावाच.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली आला तर ती रिकामी झाली आहे. मग इंजिन सुरू करून मध्यम वेगावर ठेवावे. आकडा साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढला तर आवक ठीक आहे. तो बारा-साडेबारावरच अडला तर कॉइल, आर.आर. युनिट किंवा त्यांच्यामधील वायरिंग पाहावे. पंधराच्या वर गेला तर युनिट बिघडले आहे. अशा गाडीत बॅटरीतील पाणी झपाट्याने आटते आणि बल्ब वरचेवर उडतात. युनिट बदलण्यापूर्वी त्याचे सॉकेट काढून पाहिलेले बरे. काळवंडलेली पिन किंवा गंजलेले अर्थिंग एवढाच दोष असणे मुळीच दुर्मीळ नाही. एक पथ्य मात्र पाळावे: इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. त्या क्षणी वाढणारा दाब बल्ब आणि युनिट दोन्ही घेऊन जातो.

या मॉडेलविषयी एक गैरसमज फार रुजलेला आहे. किकवर चालणाऱ्या जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, थेट कॉइलवर चालतो. म्हणून इंजिन मंद झाले की उजेड मंदावतो आणि रेस दिली की वाढतो. तो रचनेचाच भाग आहे, त्यासाठी बॅटरी बदलून काही साधत नाही. प्लगची ठिणगीही कॉइलकडूनच येते. त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली तरी गाडी किकने सुरू होते आणि दुखणे लपून राहते.

आता असे समजावे की एका दुकानदाराने वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या आणि तिसरी घ्यायला तो निघाला आहे. मिस्त्री मीटर लावतो. इंजिन चालू, तरी आकडा १२.५ च्या पुढे सरकत नाही. कॉइल ठीक, युनिट ठीक. मग तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, "शेठजी, ब्रेकवरचा पाय काढा बरं." पाय तर जमिनीवरच असतो, आणि लाल दिवा जळतच असतो.

मागच्या ब्रेकचा स्विच एका लहान स्प्रिंगने पेडलला जोडलेला असतो. ब्रेक आवळताना त्याचा नट जास्त फिरला की दिवा सतत पेटलेला राहतो. २१ वॅटचा हा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर वीज खातो. या गाडीची बॅटरी अवघी अडीच अँपिअर-तासांची, आणि कॉइलची आवकही बेताचीच. गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या गाडीत मग बॅटरीसाठी काय उरणार? पैशांच्या नुकसानीहून धोका मोठा आहे. ज्याचा लाल दिवा कायम पेटलेला असतो त्याने खरोखर ब्रेक दाबला हे मागून येणाऱ्या ट्रकला कळत नाही. अंधारात मेहकरहून परतताना हे जिवावर बेतू शकते.

दुसरी चोरवाट म्हणजे हौसेने बसवलेल्या वस्तू: अलार्म, मोबाइलचा चार्जर, रंगीत पट्ट्या. चावी बंद असतानाही त्यांतून शंभर मिलिअँपिअर वाहत असतील तर भरलेली बॅटरी पंचवीस तासांत रिकामी होते. लग्नासाठी किंवा यात्रेसाठी घर चार दिवस बंद राहिले की परतल्यावर हॉर्न मुका असतो, यात नवल नाही.

नवी बॅटरीही पुष्कळदा दुकानातच अर्धी मरते. अ‍ॅसिड भरून लगेच गाडीला लावून देण्याची घाई त्याला कारणीभूत असते. अडीच अँपिअर-तासांच्या बॅटरीला पाव अँपिअरने सावकाश, आठ-दहा तास पहिले चार्जिंग मिळायला हवे. ट्रॅक्टरच्या बॅटरीसोबत मोठ्या चार्जरला जोडली तर तिच्या प्लेटा खराब होतात. पुढे पातळी उतरेल तेव्हा केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यातील क्षार आत साचत जातात. सीलबंद बॅटरीला अर्थातच पाणी लागत नाही.

निकामी बॅटरी भंगारात फेकू नये, तिच्यातील अ‍ॅसिड तर नाल्यात मुळीच ओतू नये. त्याने जमीन आणि तिच्यातील जीव दोन्ही जळतात आणि शिसे मागे उरते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी दुकानात परत दिली की नवीच्या किमतीत बहुधा सूटही मिळते.

आपल्या उदाहरणातील दुकानदाराला या वेळी तिची गरज पडत नाही. मिस्त्री स्विचचा नट थोडा फिरवतो, लाल दिवा विझतो, आणि मीटरचा काटा १४ कडे सरकू लागतो.