जुन्या यंत्राची शिस्त

गेल्या उन्हाळ्यांत जत येथें एका स्नेह्यांच्या वाड्यांत आमचें चार दिवस वास्तव्य होतें. तेथें माजघराच्या कोपऱ्यांत, जुन्या धोतराखालीं, त्यांच्या दिवंगत काकांचा बिनतारी शक्तिवर्धक पडून होता. काका परवाना घेतलेले हौशी संदेशक. 40 मीटरच्या पट्ट्यांत ते दूरदूरच्या मित्रांशीं बोलत. 1942 सालीं उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्तपणें चालविलेला काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर बोले; ती लहरहि याच पट्ट्यांतली.

वाड्यांत दोन पक्ष होते. थोरल्या बंधूंस तें धूड भंगारांत घालावयाचें होतें. “घरांत मुलें आहेत,” एवढेंच ते म्हणत. धाकट्यांस काकांचें यंत्र पुन्हा बोलतें करावयाचें होतें. आम्हीं धाकट्यांची बाजू घेतली. परंतु थोरल्यांची भीति खोटी नव्हती हें पहिल्याच दिवशीं कळलें. प्लग काढून दहा मिनिटें लोटलीं, तरी मापकाचा कांटा 400 व्होल्टवर उभा! आणि घरांतील बारा वर्षांच्या मुलाचा हात पेटीच्या तोंडाशीं होता. कंडेन्सरांतील विजेचा सांठा हळूहळू निचरून टाकणारा रेझिस्टन्स तुटलेला होता. तो आम्हीं सर्वांआधीं बदलला, आणि नियम घातला: प्लग काढावा, थांबावें, मोजावें, कांटा शून्यावर आल्याखेरीज आंत हात घालूं नये.

मग सुकलेले कंडेन्सर बदलले. ग्रिडकडे जाणारा कागदी कंडेन्सर गळका होता. त्यामुळें व्हॉल्व्हची प्लेट तापून लाल होई. तोहि काढला. एरियलऐवजीं कृत्रिम भार जोडला, कारण परवान्यावांचून हवेंत लहर सोडणें गुन्हा आहे.

तरी खरा रोग पुढेंच होता. आंत कोणताहि संदेश दिलेला नसतां, ट्यूनिंगचा कंडेन्सर फिरवितांच प्रवाहाचा कांटा नाचूं लागे. कीर्तनाच्या मांडवांत कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनांत परत शिरला म्हणजे किंकाळी उठते, तसाच हा प्रकार. ती किंकाळी घरांत ऐकूं येत नाहीं. बाहेर मात्र दुसऱ्यांच्या बोलण्यांत व्यत्यय आणते. महायुद्धांत सर्रास वापरलेल्या 807 या व्हॉल्व्हची ही खोड प्रसिद्धच आहे.

उपाय अल्पखर्चाचा निघाला. प्रत्येक ग्रिडच्या पायाशीं 100 ओहमचा रेझिस्टन्स लावला. प्लेटच्या तारेंत लहानशा रेझिस्टन्सवर जाड तारेचे चार वेढे देऊन तो बसविला. दुसऱ्या ग्रिडच्या कंडेन्सरच्या लांब तारा तोडून त्यास सॉकेटशींच डाग दिला. तिसऱ्या सायंकाळीं कंडेन्सर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविला. कांटा हालला नाहीं.

थोरले तें सर्व उभ्यानें पाहत होते. ते कांहीं बोलले नाहींत. रात्रीं मात्र त्यांनीं स्वतः पेटीस कुलूप घातलें, आणि धाकट्यांस सांगितलें, “परीक्षा दे, परवाना आण, मग किल्ली माग.” भंगाराची गोष्ट पुन्हा निघाली नाहीं. आम्हांस हा निवाडा रास्त वाटला. ज्या घरांत यंत्रास शिस्त लावावयाची, तेथें ती माणसांनींहि पाळावयास हवी. धाकटे आतां अभ्यासास बसले आहेत.