‘परिणीता’ : माळेचा अर्थ आणि भिंतीचा प्रश्न

अभिजात कादंबरीवर चित्रपट निघाला की आपल्याकडे एक ठरावीक वाद सुरू होतो. ‘मूळ कलाकृतीची वाट लावली’ असे एक पक्ष म्हणतो, तर ‘काळाप्रमाणे बदलायलाच हवे’ असे दुसरा पक्ष सांगतो. दोन्ही पक्षांत थोडेफार तथ्य असते, परंतु महत्त्वाचा प्रश्न बाजूलाच राहतो. रूपांतर करताना प्रत्येक पिढीने मूळ कृतीतून काय उचलले आणि काय टाकून दिले? या निवडीतून लेखकापेक्षा त्या पिढीचीच ओळख अधिक पटते. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘परिणीता’ ही १९१४ सालची छोटेखानी कादंबरी या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

मराठी वाचकाला शरद्बाबू परके नाहीत. मामा वरेरकरांच्या अनुवादांनी त्यांना आपल्या घरातलेच करून टाकले होते. ‘परिणीता’वर हिंदीत तीन चित्रपट निघाले. बिमल रॉय यांचा १९५३ सालचा, अनिल गांगुली यांचा १९७६ सालचा ‘संकोच’ आणि प्रदीप सरकार यांचा २००५ सालचा. ‘संकोच’ आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही. उरलेल्या दोन चित्रपटांमध्ये अर्ध्या शतकाचे अंतर आहे. तुलना होते ती या दोहोंचीच.

कादंबरीचे कथानक साधे आहे. गुरुचरण हा बँकेतला सामान्य कारकून. त्याच्या घरी पाचवी मुलगी जन्माला आल्याच्या वार्तेने कथा सुरू होते. आधीच्या मुलीच्या लग्नापायी राहते घर शेजारच्या धनाढ्य नवीन राय यांच्याकडे गहाण पडलेले आहे. त्यात अनाथ भाची ललिताही त्याच्याच पदरी. नवीन रायांचा मुलगा शेखर आणि ललिता यांच्यात लहानपणापासून हक्काचे, अबोल नाते आहे. घरात बाहुलीच्या लग्नाचा खेळ चालू असताना ललिता गमतीने शेखरच्या गळ्यात माळ घालते. तो तिला त्या कृतीचा अर्थ समजावतो आणि तीच माळ तिच्या गळ्यात घालतो. तेथे पुरोहित नाही, अग्नी नाही, साक्षीदारही नाही. परंतु त्या क्षणापासून ललिता स्वतःला परिणीता, म्हणजे विवाहिता मानते. पुढे शेखर डगमगतो. ती मात्र डगमगत नाही.

बिमल रॉय यांनी या कथेची नस अचूक पकडली. अशोककुमार आणि मीनाकुमारी यांच्या अभिनयात संयम आहे. न बोललेल्या वाक्याला तेथे मोल आहे आणि घराच्या जिन्याला व गच्चीलाही अर्थ आहे. या चित्रपटासाठी मीनाकुमारींना आणि दिग्दर्शनासाठी बिमल रॉय यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. पुढच्या दोनच वर्षांत ‘बिराज बहू’ आणि ‘देवदास’ देऊन शरद्बाबूंवरील आपली निष्ठा त्यांनी सिद्ध केली.

२००५ चा चित्रपट कमअस्सल आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विधू विनोद चोप्रा यांची निर्मिती, शंतनू मोइत्रा यांचे संगीत आणि विद्या बालन यांचे हिंदीतील पदार्पण, सारेच देखणे आहे. पदार्पणातील दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही प्रदीप सरकार यांना मिळाला. कादंबरीतील ललिता अवघ्या तेरा वर्षांची आहे. तिला प्रौढ केले हेही उचितच झाले. कथा १९६२ च्या कोलकात्यात आणली, यालाही हरकत घेण्याचे कारण नाही.

हरकत वेगळी आहे. माळेच्या प्रसंगाला नव्या चित्रपटाने शरीरसंबंधाची जोड दिली. काहींना हा श्लील-अश्लीलतेचा प्रश्न वाटेल. वास्तविक तो अर्थाचा प्रश्न आहे. शरद्बाबूंच्या ललिताला बांधून ठेवणारे काहीच नाही. तिने नाकारले असते, तर जगाला कळलेही नसते. तिची निष्ठा संपूर्णपणे तिच्या मनाच्या साक्षीवर उभी आहे आणि म्हणूनच ती तेजस्वी आहे. शरीरसंबंध आला की तिच्या निष्ठेला दुसरे कारण मिळते. ‘आता हिला पर्यायच काय उरला?’ असे प्रेक्षकाला वाटू शकते. मूळ कृतीत जो संकल्प होता, तो येथे परिस्थितीचा परिणाम ठरतो. धीट दृश्य दाखवण्याच्या नादात नायिकाच दुबळी होते, ही गोष्ट दिग्दर्शकाच्या ध्यानी आली नसावी. आपल्या परंपरेने विवाहाला करार न म्हणता संस्कार म्हटले, त्याचे मर्म ती माळ सांगत होती.

दुसरी गोष्ट भिंतीची. नव्या चित्रपटाच्या अखेरीस स्वतःच्या लग्नाच्या गर्दीत शेखर दोन घरांमधील भिंत फोडतो. टाळ्या मिळवणारे दृश्य आहे. पण कादंबरीतील शेखरपुढचे खरे आव्हान विटांचे नाही. ललिता आपली पत्नी आहे, हे एक वाक्य घरच्यांसमोर उच्चारण्याचे आहे. वडिलांच्या धाकापुढे आणि लोकलज्जेपुढे त्याची जीभ रेटत नाही. सुशिक्षित, सुस्थित, मनाने वाईट नसलेला आणि तरीही भित्रा असा हा तरुण शरद्बाबूंनी मोठ्या निर्दयपणे रंगवला आहे. भिंत फोडायला बाहुबळ पुरते. आईवडिलांसमोर सत्य बोलायला नैतिक बळ लागते, आणि ते आजही दुर्मीळ आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्जाने आणि मुलींच्या लग्नाच्या चिंतेने पिचलेला गुरुचरण शेवटी ब्राह्मो समाजाचा स्वीकार करतो. ब्राह्मो समाज हा काही परका पंथ नव्हता, तो आपल्यातूनच निघालेला सुधारणेचा प्रवाह होता. पण तत्कालीन सनातनी समाजाने अशा माणसाला परकाच मानले. गुरुचरण संकटात असताना हेच शेजारी, हेच सोयरे कोठे होते? सावकार दारात होता, बंधू कोणीच नव्हता. मदतीचा हात पुढे केला तो गिरीन या ब्राह्मो तरुणाने. समाज सोडून जाणाऱ्यावर रोष धरणे सोपे असते. त्याला जाण्याची पाळी आपणच आणली काय, हे विचारणे कठीण असते. शरद्बाबूंनी ते विचारले. २००५ च्या चित्रपटात हा धागाच नाही. तेथे हवेलीचे हॉटेल करण्याचा व्यवहार आहे आणि धनाढ्य घराण्याशी सोयरिकीचा लोभ आहे. कारकुनाच्या घरातील हुंडा आणि समाजाचे बहिष्कृत करणे, हे दोन्ही वगळले गेले. ज्या १९६२ मध्ये ही कथा आणून ठेवली, त्याच्या आदल्याच वर्षी देशात हुंडाप्रतिबंधक कायदा झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे हे वगळणे अधिकच खुपते.

हुंड्याचा प्रश्न संपला म्हणून तो चित्रपटातून गेला असता, तर आनंदच होता. पण नाव बदलून, ‘हौस’ आणि ‘रीत’ या गोंडस शब्दांआड तो आपल्या सुशिक्षित घरांतही नांदतो आहे. मुलीच्या लग्नासाठी जमीन विकणारा बाप महाराष्ट्राच्या खेड्यांत आजही भेटतो. आपल्या वस्तीतील असा गुरुचरण आपल्याला ठाऊक आहे काय? त्याच्या दारात सावकाराच्या आधी आपण पोहोचतो काय? संघटन संघटन म्हणतात, त्याची खरी कसोटी हीच आहे.

म्हणून सुचवावेसे वाटते की, एखाद्या सुटीत घरातील सर्वांनी हे दोन्ही चित्रपट जरूर पाहावेत आणि नंतर ती लहानशी कादंबरी वाचावी. दोन बैठकांत ती संपते. मग मुलांनाच विचारावे, ललिता कोणत्या बळावर उभी राहिली आणि शेखर कशाला घाबरला? चित्रपटाने काय गाळले, ते मुले आपणहून सांगतील. आणि ज्या घरात लग्नाचा मुलगा आहे, तेथे ही चर्चा जरा अधिकच मनापासून व्हावी.