सरळ रेषेचा हट्ट

पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या एका प्रोसेस प्लॅटफॉर्मवरच्या वाचकाने कार्यालयीन आदेशाची नक्कल पाठवली आहे. सेपरेटरमधली तेल-पाण्याची इंटरफेस लेव्हल सेटपॉइंटच्या वर-खाली 2 टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. गेलीच तर शिफ्ट इंजिनिअरने दर वेळी लेखी खुलासा द्यावा, असं त्यात फर्मावलं आहे. पाठोपाठ आणखी तीन पत्रं आली. आदेशाची भाषा वेगळी, हट्ट तोच. कंपन्यांची नावं छापत नाही. एकाच ठिकाणची खोड असती तर त्यावर संपादकीय खर्ची घातलं नसतं.

हा आदेश काढणाऱ्याने ट्रेंडवरची सरळ रेघ पाहिली. त्या रेघेची किंमत पुढे कोण मोजतं, ते पाहिलं नाही. वेलहेड प्लॅटफॉर्मवरून समुद्रतळाच्या पाइपलाइनमधून येणारा माल काही नळाच्या धारेसारखा येत नाही. रायझरमध्ये पाणी साचतं, मागे गॅस दाबून बसतो आणि मग सगळं एकदम सेपरेटरवर आदळतं. गॅस लिफ्टच्या विहिरी हेडिंग करू लागल्या की त्यात भरच. हा मार सोसायला आपल्याकडे एकच जागा आहे, ती म्हणजे खुद्द सेपरेटरचं पोट. लेव्हल हलू दिली तरच ते पोट कामाला येतं. ती जागची हलू द्यायची नाही असं ठरवलं, की आत आलेला प्रत्येक धक्का व्हॉल्व्ह जसाच्या तसा हायड्रोसायक्लोनकडे ढकलतो.

आणि हायड्रोसायक्लोनचा स्वभाव आपण जाणतो. प्रवाह घटला की भोवरा मरतो, तेलाचा गाभा टिकत नाही. प्रवाह चढला की लेव्हलचा व्हॉल्व्ह सताड उघडतो, पाण्याकडचा दाब पडतो; रिजेक्ट लाइनचा पाठदाब मात्र होता तिथेच असतो, म्हणून दाबफरकाचं गुणोत्तर कोसळतं. रिजेक्टचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही ते सावरत नाही. वर सेपरेटरचा ट्रेंड इस्त्री केल्यासारखा, खाली समुद्रावर तेलाचा तवंग. खुलासा मात्र कुणाकडून मागायचा नाही, कारण लेव्हल 2 टक्क्यांच्या आत होती!

नियमाकडे पाहिलं तर गंमत अजून वाढते. आपल्याकडे समुद्रात सोडायच्या पाण्यात, ते पातळ न करता, तेलाचं प्रमाण 95 टक्के नोंदींमध्ये लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत हवं आणि 100 च्या वर तर कधीच जाता कामा नये. त्यासाठी दर आठ तासांनी एक, असे दिवसाला तीन नमुने घेऊन त्यांची सरासरी काढायची. काही मिनिटांत येऊन जाणारा स्लग आणि आठ तासांनी भरली जाणारी बाटली यांची गाठ पडायची ती योगायोगानेच. सगळं शांत दिसतंय असं पाहून बाटली भरायला जाणारे हातही या धंद्यात आहेत, हे आपल्यापैकी कुणाला नवं नाही. म्हणजे कायद्याचा आकडा दिवसातून तीनदा मोजायचा आणि ज्या आकड्याशी कायद्याला घेणंदेणं नाही, त्याच्यावर चोवीस तास पहारा!

पण सगळा दोष कार्यालयाच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. या चार पत्रांपैकी दोघांनी आम्ही लूप मॅन्युअलवरच चालवतो, असं जवळजवळ अभिमानाने लिहिलं आहे. का, तर ट्यूनिंग सैल करून पाहिलं आणि लेव्हल झोके घेऊ लागली. झोके घेणारच. गेन कमी केला, रीसेट होता तसाच ठेवला. लेव्हल ही साठत जाणारी प्रोसेस आहे. तिथे गेन निम्मा केला तर रीसेट टाइम दुप्पट करावाच लागतो, नाहीतर डॅम्पिंग जातं. हे पहिल्या वर्षाचं गणित विसरून, मंद झोके दिसताच आपण गेन आणखी उतरवतो, झोके आणखी वाढतात आणि शेवटी सरावाचा हात व्हॉल्व्हवर येतो. त्यात एका सिस्टिमवर रीसेट सेकंदांत, दुसऱ्यावर मिनिटांत, तिसऱ्यावर मिनिटाला किती वेळा अशा हिशोबात. बदलीवर आलेला माणूस जुन्या प्लॅटफॉर्मचा आकडा नव्या पडद्यावर टाकतो आणि चौदा दिवसांनी हेलिकॉप्टरमध्ये बसतो.

डिसप्लेसरबद्दल तर बोलायलाच नको. मुंबई हायला तेल लागलं 1974 साली, उत्पादन सुरू झालं 1976 साली. इतक्या जुन्या क्षेत्रात पाण्याचं प्रमाण वाढणार आणि आत सोडलेलं समुद्राचं पाणी विहिरीतून परत आलं की त्याची क्षारता, म्हणून घनताही, बदलणार. तरी किती ठिकाणी कॅलिब्रेशन अजून मूळ डेटाशीटवरच्या घनतेवर आहे? ज्या इंटरफेसला 2 टक्क्यांची शिस्त लावायची, तो नक्की कुठे आहे हेच ठाऊक नाही. मध्ये इमल्शनचा जाड थर बसला असेल तर इंटरफेस अशी एक रेघ तरी कुठे उरते?

तेव्हा आता हे करा. लो-लो आणि हाय-हायचे ट्रिप वेगळ्या ट्रान्समीटरवर आहेत याची खात्री करून घ्या. त्यांना हात लावू नका. अलार्मच्या दोन रेघांमधली जागा लेव्हलला मोकळी द्या. गेन उतरवा, त्याच मापात रीसेट टाइम वाढवा. शक्य असेल तिथे लेव्हलखाली फ्लोचा कॅस्केड लावा. वरिष्ठांची लेखी संमती घेऊन एकाच ट्रेनवर आठवडाभर हे चालवून पाहा आणि पाण्याचे नमुने ठरल्या वेळेखेरीज स्लग येतानाही घ्या. खुलासा मागितला, तर त्या नमुन्यांचे आकडे खुलाशाला जोडा.

आणि ते ट्रेंड आम्हालाही पाठवा, बदल करण्याआधीचे आणि नंतरचे. लेव्हल, पाण्याचा प्रवाह, दाबफरकाचं गुणोत्तर, तिन्ही एकाच कागदावर हवेत. पुढच्या अंकाची चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत. प्लॅटफॉर्मचं नाव खोडून पाठवलंत तरी चालेल. रीसेट टाइमचं एकक मात्र कृपा करून लिहा.